नेमसिंगच्या ट्रकमागची तयारी

३ नोव्हेंबर २००५, दिग्रस
आजपासून मी प्रोफेशनल रोड सायकलिस्ट. बाकीचे लोक टीममध्ये घेतल्यावर स्वतःला तसं म्हणवतात; मी आधीच सवय लावून घेतोय. जानेवारीत नागपूरला एका कंपनीच्या टीमची ट्रायल आहे. निवड झाली की पगार, जर्सी, परदेश. वय एकोणतीस, म्हणजे माझ्या मते ऐन उमेद. निश्चय: कापसाच्या जिनिंग कारखान्यातली ड्यूटी लागण्याआधी रोज आर्णीपर्यंत आणि परत. चहा बंद.

४ नोव्हेंबर
चहा घेतला. थंडी होती.

९ नोव्हेंबर
परतताना कापसाचा ट्रक पुढे गेला. कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर फुगलेला. मी मागे लागलो आणि जिनिंगच्या फाटकापर्यंत सोडला नाही. मी तिथेच वजनकाट्यावर असतो, त्यामुळे ड्रायव्हर नेमसिंग ओळखीचा. खिडकीतून ओरडला, भाऊ, पंचेचाळीस! पंचेचाळीसचा स्पीड. मी.
घरी दीपा म्हणाली, अवो, तुमी सायकल चालवून राह्यले का कापूस पिंजून राह्यले? घामावर कापूस चिकटला होता. बायकोला खेळातलं कळत नाही.

२१ नोव्हेंबर
पन्नास! पाय मारतोय असं वाटतच नाही. यालाच फॉर्म म्हणतात. नेमसिंग म्हणाला, ट्रकच्या मागं हवा लागत नाई भाऊ, एकडाव एकटं चालवून पाहा. सायकलवाला मागे टिकतो हे ट्रकवाल्यांना सहन होत नाही.

८ डिसेंबर
जिनिंग बंद. भाव पडलाय, कापूस येत नाही. मालकाने सगळ्यांना घरी बसवलं. दीपा रडली. मी समजावलं की सरावाला पूर्ण वेळ मिळावा म्हणून मोठे खेळाडू तरसतात, मला तो आपोआप मिळाला. ती आणखी रडली.

१० डिसेंबर
दीपाच्या भावाचा, प्रफुल्लचा, बुटीबोरीहून फोन. तिथल्या कंपनीत गेटवर वॉचमनची जागा आहे. दीपा म्हणाली, ट्रायल होऊन जाऊ द्या. नाई जमलं तर दिग्रस सोडायचं, मंग काहून-कायले विचारायचं नाई. लगेच कबूल केलं. हरायचंच नसेल तर कबूल करायला काय जातं?

२२ डिसेंबर
कापसाचे ट्रक नाहीत. यंदा या रस्त्यावर वारा फार वाढलाय. हवामानाचा काही भरवसा राहिला नाही. आर्णीऐवजी पुलापर्यंतच जातो. सरावात क्वालिटी महत्त्वाची. पुलाजवळ चहा बरा मिळतो.

५ जानेवारी २००६
शरीराला विश्रांती. नेमसिंग स्टँडवर भेटला, त्याचा ट्रक उभाच आहे. म्हणाला, भाऊ, नागपूरले येऊ का ट्रक घेऊन तुमच्या समोर? चेष्टा होती. तरी नाही म्हणायला मला थोडा वेळ लागला.

१५ जानेवारी, नागपूर
ट्रायल झाली. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे राहिलो, हा डाव होता. मग सगळे दिसेनासे झाले. वारा समोरून. थोड्या वेळाने एक गाडी माझ्यामागे माझ्याच स्पीडने येऊ लागली. साहेब लोकांची नजर आपल्यावर आहे हे ओळखून मी जोर लावला. गाडीतला माणूस डोकं बाहेर काढून म्हणाला, दादा, बसता का आत? रस्ता मोकळा करायचा आहे.
बसलो. काच वर केली तर वारा अजिबात लागत नव्हता.

१६ जानेवारी
घरी पोहोचलो तेव्हा दीपा भांडी पोत्यात भरत होती. माझी आई सोबत येणार नाही. म्हणाली, माह्या घराले कुलूप लावायचं नाई. तुमी जा.

६ फेब्रुवारी, बुटीबोरी
पहिली ड्यूटी. युनिफॉर्म खांद्यात सैल आहे. कामगार बहुतेक सायकलने येतात. गेटच्या आत सायकल चालवायची नाही, हातात धरून न्यायची, असा नियम आहे. तो सांगायला मी.
दिवसभर म्हणतो, उतरा. भाऊ, उतरा खाली.
सगळे उतरतात.