बाकावरची मुलगी

१२ नोव्हेंबर

चि. ठमूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. घरी सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढताना माझं ऐकतील तर शपथ. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. माझी ड्यूटी अजून कॅज्युअल्टीतच आहे.

सोमवारी दुपारी एक टॅक्सीवाला एका मुलीला आमच्या दारात सोडून गेला. तुझ्याच वयाची. गुडघ्याच्या वर झगा, खांदे उघडे, काजळ फिसकटलेलं. घामानं निथळत होती, पाय लटपटत होते, जीभ अडखळत होती. डॉक्टर अपघाताच्या पेशंटमध्ये अडकलेले. वॉर्डातल्या मावशींनी विचारलं, "हिला कुठे निजवू?"

कुणीतरी म्हणालं, "भरदुपारी ढोसून आलीय. कपडे बघा की. बसवा बाकावर, उतरली की जाईल."

मावशी हसल्या. मुलगी हात पुढे करून काहीतरी मागत होती. तिला पाणी दिलं.

पाऊण तासानं ती बाकावरून खाली कोसळली. पर्स उघडली तर आत इन्सुलिनचं पेन. साखर तपासली, बावीस. इतक्या कमी साखरेवर माणूस दारू प्यायल्यासारखाच दिसतो. ठमू, नव्या नर्सेसना मी पहिल्याच दिवशी शिकवते, अशा पेशंटची साखर आधी बघायची. बोटाला सुई टोचायला असा किती वेळ लागतो? सव्वीस वर्षांत मी ते कधी चुकले नव्हते.

ते कुणीतरी म्हणजे मीच.

संध्याकाळी तिची आई आली. मुलगी मैत्रिणीच्या लग्नाला निघाली होती. "झगा मीच शिवला हो," म्हणाली. मग विचारलं, "सिस्टर, इथं आली तेव्हा बोलत होती का?"

"हो."

"काय म्हणत होती?"

मी ऐकलंच नव्हतं.

काल मुलीनं डोळे उघडले. आईला ओळखत नाही. पुढे ओळखेल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आज सकाळी मी सगळं माझ्या नावानिशी लिहून मेट्रनबाईंकडे दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, कुणालाही तसंच वाटलं असतं."

तू घर सोडलंस त्या दिवशी मी दारात उभी राहून म्हणाले होते, "असल्या कपड्यांत कुठे पडलीस ना, तर कुणी हात लावणार नाही." मला वाटत होतं, मी लोकांबद्दल बोलतेय.

तुझी माफी आज मागत नाही. आधी त्या मुलीच्या आईची मागायची आहे. उद्या तिच्यापुढे उभी राहून सांगणार आहे. त्यानंतर खाली सहीच्या जागी हा शब्द मला लिहवेल की नाही, ठाऊक नाही. आज लिहिते.

तुझी,
आई