मास्तरांची कूस

रविवार, २३ फेब्रुवारी
दुपार

प्रिय धाकटीस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आम्ही इकडे बरे आहोत. ह्यांचा खोकला कमी आहे. भावोजींचा गुडघा कसा आहे? तुम्ही दोघं तुझ्या बहिणीकडे राहायला गेलात त्याला तीन महिने झाले, आणि थोरली जाऊ असून मी एक ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते. वेळ होता.

वृद्धाश्रमाची बातमी अशी, की जिन्याला नवा कठडा बसवला, आणि पाच नंबरच्या आजी अजून जेवण झाल्या झाल्या 'मला कुणी जेवायला दिलं नाही' म्हणून ओरडतात. तू त्यांना कशी गप्प करायचीस गं? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला येतं आणि मला येत नाही, हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

चौदा वर्षं मी त्या वॉर्डात काढली. म्हाताऱ्यांची अंगं पुसली, चादरी बदलल्या, दगडासारखी नखं कोमट पाण्यात भिजवून कापली. तुला तिथे मीच लावलं. आणि सहा महिन्यांत जो तो 'धाकटी कुठंय?' आंधळे मास्तर तर तुझ्याशिवाय बोलेनात. एकदा मला म्हणाले, "ती येणार आहे ना आज?" मी म्हटलं, "मी आहे ना!" तर म्हणाले, "तू आहेसच गं." ते 'आहेसच' मला आठवडाभर पुरलं.

रोज सकाळच्या प्रार्थनेत मी म्हणायचे, 'प्रभू, मी तुझी दासी', आणि एक डोळा उघडून बघायचे, मेट्रनबाई ऐकतायत का.

आता लिहूनच टाकते. मास्तरांच्या पाठीला जखम झाली ती तुझ्यामुळे नाही. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची असते. त्या शनिवारी-रविवारी दुपारची ड्यूटी माझी होती. ते सारखं तुझं नाव घेत होते, म्हणून रागानं मी त्यांच्या खाटेकडे फिरकलेच नाही. तक्त्यावर कूस बदलल्याच्या सह्या मात्र केल्या. सोमवारी मेट्रनबाईंना जखम दिसली तेव्हा मी म्हटलं, "सकाळी धाकटी असते. ती गप्पांत रमते, विसरली असेल."

तू माझ्याकडे बघितलंस. वाटलं, आता तोंड उघडशील. तू म्हणालीस, "जाऊबाई म्हणतात तर चुकलं असेल माझं," आणि एप्रन काढून त्याची घडी घातलीस. त्याच दिवशी तुझं काम गेलं. तुला सगळं कळलं होतं, हे मला माहीत आहे. त्याचाही मला राग आला. गप्प बसण्यातसुद्धा तू माझ्या पुढे!

मागल्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावून वॉर्डातल्या सेवेबद्दल मानपत्र दिलं. सगळी मंडळी उभी राहिली. पाळकसाहेब म्हणाले, "ख्रिस्ताची दासी कशी असते, ते हिच्याकडे बघा." हेच ऐकायला मी चौदा वर्षं थांबले होते. ऐकलं, आणि तुझ्या एप्रनची घडी आठवली. दोन शब्द बोला म्हणाले, तर नुसती मान हलवून जागेवर जाऊन बसले. लोकांना वाटलं, किती नम्र बाई!

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंना आणि पाळकसाहेबांना खरं सांगितलं. आज सकाळी मंडळीसमोरही सांगितलं. उद्यापासून मी वॉर्डात नाही, धुण्याच्या खोलीत.

मास्तरांना मात्र मी मंडळीच्या आधीच, मंगळवारी, त्यांच्या खाटेशी बसून सांगितलं. म्हणाले, "म्हणजे ती विसरली नव्हती तर!" चेहरा काय उजळला त्यांचा! माझ्याबद्दल एक अक्षर नाही. तिथेही मला तुझा हेवा वाटला. मग म्हणाले, "आलीच आहेस तर कूस बदल, हात अवघडलाय." मी बदलली. पाठीखाली उशी सारली. बघायला कुणी नव्हतं.

मेट्रनबाई तुला परत बोलावणार आहेत, त्यांचं पत्र येईल. ये म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. पण आलीस, तर मी सुधारले आहे असं धरून चालू नकोस. हे लिहितानासुद्धा, तू मला माफ करशील आणि पुन्हा माझ्याहून मोठी होशील, ह्या विचारानं जीव जळतोय.

तरी माफ कर.

वयानं तेवढी थोरली,
तुझी जाऊ