संत हेर्मिलोसचा शनिवार

तीर्थरूप थ्रासिवुलोसकाकांस, पुतण्या प्रोद्रोमोसचे हाताचे मुके आणि दंडवत. तुमच्या पायाची सूज उतरली असेल, काकूंचा खोकलाही. माझी तब्येत उत्तम, डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

आपल्या संत हेर्मिलोसची जत्रा गाव ऑगस्टात, द्राक्षं उतरली की करतं. का? तर आजोबा करायचे! संतांच्या हौतात्म्याच्या पोथीत मात्र अमुक सुभेदाराचं वर्ष, महिन्याची दुसरी तारीख आणि शनिवार एवढंच आहे; महिन्याचं नाव वाळवीने खाल्लंय. सुभेदाराचं वर्ष कळलं तर जुन्या पंचांगावरून महिना काढता येईल, म्हणून मी त्याच्या नावाची शिळा शोधली. ती सापडली विधवा एव्दोकियाबाईंच्या अंगणात, धुण्याचा दगड म्हणून. (बाईंनी वाचू दिली, पण आधी दोन गोधड्या आपटायला लावून.) शिळेवर सुभेदाराच्या नावापुढे सम्राटाचं आठवं वर्ष! तीन आठवडे आकडेमोड केली. त्या वर्षी दुसरी तारीख शनिवारी येते ती एकाच महिन्यात, आणि त्या जुन्या महिन्याची दुसरी म्हणजे आपली तेवीस फेब्रुवारी.

हे सांगितल्यापासून गाव माझ्याशी बोलत नाही. फेब्रुवारीत थंडी, त्यात बहुतेकदा ईस्टरआधीचा मोठा उपास, म्हणजे कोकरू नाही. खाटीक म्हणाला, "मास्तर, संत मेले ते मेले, आता आम्हाला कशाला मारता?" फादर अँथिमोस तर म्हणाले, संतांनी सोळाशे वर्षांत कधी तक्रार केली नाही. अशा अडाण्यांपुढे शास्त्र काय सांगायचं! म्हणून माझा निबंध बिशपसाहेबांच्या कचेरीत परस्पर धाडलाय. तुम्ही तिथेच कारकून आहात. लवकर शिक्का मारून घ्या.

आपला आज्ञाधारक,
प्रोद्रोमोस

ता. क. शिक्का मारू नका. आत्ताच एव्दोकियाबाई सांगून गेल्या की शिळेवरच्या रोमन आठातली (VIII) शेवटची रेघ त्यांच्या सासूबाईंच्या सुरीची आहे. सासूबाई तिथेच धार लावायच्या. म्हणजे वर्ष सातवं. पुन्हा हिशेब केला. दुसऱ्या तारखेचा शनिवार नेमका ऑगस्टात येतो.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करतोय तोच फादर डोळे पुसत आले. आठवडाभर त्यांना झोप नव्हती म्हणे. माझं म्हणणं गावाने मान्य केलंय, ऑगस्टच्या वाजंत्रीवाल्यांना नकारही कळवलाय. खाटकाने माझी माफी मागितली. आता मी कोणत्या तोंडाने सांगू? काका, बिशपसाहेबांकडून एक कडक हुकूम काढवा: निबंध नामंजूर, जत्रा ऑगस्टातच. मी निषेध नोंदवून तो पाळीन.