शिंप्याची लेक हवेत

अण्णा, गेल्या रविवारी मी हवेत उडाले. विमानातून नव्हे. कापडाचा मोठा तिकोनी पंख, त्याखाली पट्ट्यांनी पालथी टांगलेली मी आणि शेजारी तो चालवणारा माणूस. डोंगराच्या उतारावरून दोघांनी पळत सुटायचं आणि पायाखालची जमीन संपली की पंखावर भरवसा ठेवायचा. हँग ग्लायडिंग म्हणतात त्याला. तुम्ही असतात तर दुकानाला कुलूप ठोकून मला अडवायला बेंगळुरूहून थेट निलगिरीला आला असतात, आणि वाटेत बसवाल्याला "स्वल्प सावकाश" म्हणून पिडलं असतंत.

आई गेल्यावर तुम्ही मला एकट्याने वाढवलंत आणि भीती आपल्या घरी मुक्कामालाच आली. शाळेची सहल नंदीच्या डोंगरावर निघाली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुम्ही चिकपेटच्या दुकानात मशीनवर बसलेले आहात, मी दारात हट्टाला पेटलेली. तुम्ही पाय थांबवता आणि माझ्याकडे न बघताच म्हणता, "डोंगरावर वारा असतो गं. तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" सहलीच्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी नवा निळा फ्रॉक होता, दोन खिशांचा. वर्गात कुणाच्याच फ्रॉकला खिसे नव्हते. मी रडत रडत तो घातला आणि आरशात बघून खूशही झाले. तुमचं असंच असायचं, आधी नाही म्हणायचं आणि मग काहीतरी झकास शिवून द्यायचं.

तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण तुमचा तो आवाज काही गेला नाही. स्कूटर शिकायची म्हटलं की ऐकू यायचा, बढती घेऊन हुबळीला जायची वेळ आली तेव्हाही आला, आणि दर वेळी मी मुकाट ऐकलं. आता निवृत्त झाले. लेक इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते, सुट्टीत तिनेच मला निलगिरीला नेलं. डोंगरावर तो पंख दिसला आणि मी म्हणून बसले, मला जायचंय. म्हटलं खरं, पण लगेच पस्तावले. आज मागे फिरले तर पुन्हा कधी पुढे व्हायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग मी काय केलं असेल? पंखाची शिवण तपासली. गिऱ्हाइकाच्या हाती कपडा देण्याआधी तुम्ही प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ताणून बघायचात, "उसवायचं तर दुकानात उसवू दे, रस्त्यात नको" म्हणत. मीही ती नागमोडी टीप ओढून पाहिली, पट्ट्यांचे जोड चाचपले. चालवणारा हसायला लागला, "एनम्मा, इदु सीरे अंगडीना?" साडीचं दुकान वाटलं की काय! मी कन्नडमध्येच सांगितलं, शिंप्याची लेक आहे, राहवत नाही. तो म्हणाला, "बघा, पोटभर बघा. पण एकदा पळायला लागलात की थांबायचं नाही. मध्येच थांबलात तर दोघंही तोंडावर आपटू." लेक म्हणाली, "आई, नको वाटत असेल तर सरी, ठीक आहे, परत जाऊ. नंतर मला बोल लावू नकोस." टीप पक्की होती. सबब उरली नाही. मी पळाले.

थोडी पावलं जमिनीवर पडली, पुढची हवेतच. खाली चहाचे मळे, एक पांढरं देऊळ, कुणीतरी दोरीवर वाळत घातलेल्या साड्या. कानाशी वारा नुसता घोंघावतो आहे, आणि मी मोठमोठ्याने हसते आहे, या वयात. चालवणारा विचारतो, भीती वाटते का, आणि मला उत्तर द्यायला फुरसत नाही.

उतरल्यावर लेकीने मिठी मारली. "वर आजोबांची आठवण आली असेल ना गं?" मी डोळे पुसत मान हलवली. घरी आल्यावर शेजारणींनाही तेच सांगितलं, सगळ्यांना फार भरून आलं. हे पत्र काही मी कुठे टाकणार नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. डोळ्यांतलं पाणी वाऱ्याचं होतं. वर होते तेवढ्या वेळात मला तुमची आठवण एकदाही आली नाही, अण्णा.