दत्तूच्या ट्रकचं हेड

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

दुपारभर जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या जुन्या ट्रकच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, तडकलेलं, दुसरं कुठं मिळेना. म्हणून काल मंठ्याला गेल्तो. माझा दोस्त दत्तू वारल्यापासून त्याचा ट्रक तिथंच त्याच्या अंगणात उभा आहे. वहिनी म्हणाल्या, "हेड खोलून न्या, भाऊजी. जुळलं तर ठेवा. न्हाई जुळलं तर जल्दी परत बसवा. ह्यांची गाडी उघडी ठेवायची न्हाई."

आज घरी त्या हेडच्या तळाला काळं ऑइल फासून कागदावर ठसा घेतला आणि कागद माझ्या इंजिनावर पालथा अंथरला. बोल्टची भोकं जुळली, पाणी खेळायची भोकं काही जुळेनात. शाळेत कवितेच्या मात्रा मोजायचो तशी तीनदा मोजली. एकाच वर्षी घेतलेले दोघांचे ट्रक, आणि तरी असं? वहिनींना कोणत्या तोंडानं सांगायचं?

तासाभरापूर्वी सलीम मिस्त्री आला. कागद बघून हसायलाच लागला.

"चाचा, हा कागद हेडाखाली सरकवला, तर ऑइलची बाजू वर येईल का खाली?"

"वर. हेडाला लागून."

"मंग तुम्ही खाली करून काय बघून राह्यले?"

त्यानं कागद उलटला. भोकावर भोक, सगळी बराबर! मी दुपारभर उलट्या कागदापायी झुरत होतो.

लगेच वहिनींना फोन लावला. "जुळलं," म्हणालो.

"तुमची गाडी चालू झाली की आधी इकडं आणा," त्या म्हणाल्या. "मी पुढं बसणार. ह्यांनी कधी बसू दिलं न्हाई."