परिस्थिती बदलल्याचा पुरावा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? आम्ही सगळे ठणठणीत आहोत, आणि नेमकं तेच आमच्या आड आलंय.

कारखाना बंद पडल्याचं तुला कळलं असेलच (तुला आमचं आमच्याआधी कळतं). एकवीस वर्षं मी तिथे बनलेली कुलुपं तपासली, आणि शेवटी फाटकाला जे कुलूप लागलं ते दुसऱ्याच कंपनीचं! तेही गिळलं आणि लेकीच्या कॉलेजात गेलो. तिची फीची सवलत ठरली होती माझ्या चालू नोकरीवर. नोकरी गेली, तर सवलत वाढवा, नाहीतर पोरगी दुसऱ्या वर्षाला घरी बसेल; एवढंच साधं म्हणणं. त्यासाठी 'फेरविचार अर्ज' असतो. त्यात विचारतात, परिस्थिती नक्की केव्हा बदलली? मी लिहिलं, सोमवारी, चहाच्या सुट्टीनंतर.

खिडकीतल्या बाई अर्ज वाचून म्हणाल्या, "पण काका, गेल्या वर्षी तर तुमचा पगार व्यवस्थित दिसतोय."

"व्यवस्थितच होता हो! म्हणून तर बदलली म्हणतोय."

"मग कंपनी बंद झाल्याचं कंपनीचं पत्र आणा. लेटरहेडवर, शिक्क्यासकट."

आता बंद कंपनीत पत्र लिहायला कोण बसलंय? फाटकावर रखवालदार तेवढा होता. भला माणूस. त्याने वहीतलं पान फाडून लिहून दिलं, 'आत कोणी नाही. हे गृहस्थ रोज येऊन बघून जातात.' (रोज नाही. आठवड्यातून तीनदा.) बाईंनी ते पान दोन बोटांत असं धरलं, जसं काही मेलेलं झुरळच.

खरा संताप तर पुढेच आहे. दुसऱ्या खेपेला मी कोट घालून गेलो. मदत मागायची म्हणून काय अवतार करून जायचं? लग्नातला कोट, बायकोने कडक इस्त्री केलेला, बुटांना पॉलिश. बाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि अर्जावर शेरा मारला, 'अर्जदाराची राहणी चांगली आहे.' अगं, कोटाचं बटण लागत नाही म्हणून मी अर्धा तास पोटावर हात धरून उभा होतो! माझ्या पुढचा गृहस्थ फाटक्या चपलेत आला होता. त्याचं काम पाच मिनिटांत झालं, आणि जिन्यात बसून त्याने पिशवीतले बूट काढून घातले.

असो. मी कुणापुढे हात पसरणाऱ्यातला नाही, हे तू जाणतेसच. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा

ता.क. हात पसरतोय. बाईंचे साहेब म्हणाले, घराबाहेरच्या जवळच्या नातेवाइकाने 'यांची परिस्थिती खरोखर खालावली आहे' असं सहीनिशी लिहून दिलं तर चालेल. ताई, गेली कित्येक वर्षं तू हेच चारचौघांत फुकट सांगत आली आहेस. एकदा कागदावर उतरव. फक्त 'हा पहिल्यापासूनच असा' एवढं गाळ. बदल दिसला पाहिजे.

आणखी एक. शुक्रवारच्या आत हवं. लेकीने वसतिगृहातली खाट सोडायचा अर्ज भरून ठेवला होता. तो मी आज तिच्यासमोर टराटरा फाडला. सांगितलं, आत्याचं पत्र आलंसुद्धा.