कपाशीचं मॅग्नेशियम आनं माणसाचं

चि. प्रफुलले,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. तू, रीता आनं लेकरं मजेत असान. माजरीच्या खाणीतला कोळसा नाकातोंडात जाऊ देऊ नको, रुमाल बांधत जा. इथी आम्ही सगळे जित्ते आहोत, सध्या एवढंच लिहितो. (फोनच केला असता, पण आई फोनले कान लावून बसते, अन् जे सांगाचं ते तिच्यासमोर सांगता येत नाई.)

माह्या पायाच्या पिंडऱ्यात गोळे येतात म्हणून तू मॅग्नेशियमच्या गोळ्यांची डबी पाठवली. डबीवर लिहून होतं, जेवणानंतर एक. तुही वहिनी वच्छलाही तेच म्हणे. घेतली एक, सकाळी पाहतो त दुखणं तिथंच. डबी फळीवर ठेवली, आठ दिवसांनी पुन्हा गोळे आले तवा माह्यं डोकं चाललं. अबे, कपाशीवर लाल्या आला, पानं लाल पडली का आपण काय फवारतो? मॅग्नेशियमच ना! अर्धी थैली कोठ्यात पडून. एवढीशी गोळी कायले चघळत बसाचं? खताचा भरला चमचा, ढवळला गिलासात, मारला घटाघटा. कडू जहर! म्हटलं, एवढं कडू आहे म्हणजे औषध पक्कं.

बापा रे बापा! लोटा हातातून सुटेच नाई. वावराच्या धुऱ्यावरून घरी आलो का पुन्हा धुऱ्यावर. गोळे गेले का राह्यले हे पाहाले पाय जागेवर थांबले पाहिजेत ना! शेवटी वच्छलानं शिव्या देत देत अहेरीले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आपल्या पोरीएवढी, पण माह्यं ऐकून तिनं जो आ वासला तो मिटेच ना. म्हणे, काका, ते झाडाचं खत आहे, माणसानं तोंडात घालाचं नाई. गोळी घ्याची त सांगितली तेवढीच, जेवणानंतर. जास्त झाली त जुलाब. दुसरं औषध चालू असन त आधी विचाराचं. आनं किडनी कमजोर असन त डॉक्टरले विचारल्याबिगर डबीले हातच लावाचा नाई, अंगात साचते, जीवावर येते.

किडनीचं नाव निघालं अन् वच्छला पांढरी पडली. म्हणे, अवो, आई त रोज त्यातली एक घेऊन राह्यल्या! मले वाटलं तुमीच देता! प्रफुल, आईची किडनी कमजोर हे अख्ख्या गावाले माहीत, अन् डबी मी उघड्या फळीवर ठेवून खत पीत बसलो! हाताले सलाईन लावून मी लेकरासारखा रडलो, सांगाले लाज नाई वाटत. वच्छला तशीच माघारी जाऊन आईले घेऊन आली. रक्त तपासलं. थोडक्यात वाचली रे. बाई म्हणे, आता एकही गोळी नाई.

तुहा भाऊ,
इस्तारी

ता.क. आईच्या पायात कधी गोळे आलेच नाईत. खोदून खोदून विचारलं तवा म्हणे, माह्या लहान्यानं पाठवल्या ना, वाया काऊन जाऊ देऊ? पोळ्याले येतो म्हणाला होता तू. दिवाळीही गेली.

आणखी एक. डबी मी लपवली, तिले वाटते संपली. पत्रात एवढंच लिव म्हणे, गोळ्या संपल्या, आणखी पाठव. तू गोळ्या पाठवू नको. तू ये.